खेचरांच्या वाटेनं

मागचं चाक बसलं तेव्हा फ्रोमिस्ता अजून दहाएक किलोमीटर लांब होतं. सायकल आडवी केली, टायरवरून हात फिरवला आणि बोटाला जे टोचलं ते बघायच्या आधीच ओळखलं. सराटा. सोलापूरकडच्या माळावर ज्याचं लहानपण अनवाणी गेलं, त्याला हा काटा दाखवावा लागत नाही. फळ वाळून तडकलं की त्याची पाच शकलं होतात, आणि शकल कसंही पडो, एक शिंग आभाळाकडे वळलेलं राहतंच. अण्णा चिमट्यानं तो काढून द्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "खाली बघून चालावं गं." आता मी पंचेचाळिशीची, उत्तर स्पेनमधल्या एका जुन्या कालव्याच्या काठावर मांडी घालून टायरमधून तोच काटा उपसत होते.

कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा थांबले. काट्याकडे बघून म्हणाले, "अब्रोहो." हा शब्द लॅटिनमधल्या 'डोळे उघड' या बजावणीतून आला, असं स्पॅनिश शब्दकोश सांगतो. ओसाड रान साफ करणाऱ्याला दिलेली ती ताकीद. मी सांगितलं, आमच्याकडे याला सराटा म्हणतात. "सारात्ता," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. नवी ट्यूब बसवेपर्यंत त्यांनी चाक धरून ठेवलं, आणि कुठे निघालीस म्हणून विचारलं. आधी पालेन्सिया, मग तिथून पश्चिमेला कालव्याच्या काठाकाठानं मेदिना दे रिओसेको, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "पण तिकडे काही नाही."

चार दिवसांत हे वाक्य मी निरनिराळ्या माणसांकडून ऐकलं. सगळी त्याच भागातली, तिथंच जन्मलेली. आणि दर वेळी मला आमच्या माळाबद्दल ऐकलेलं आठवलं. तिथंही काही नव्हतं म्हणे.

नोकरीनिमित्त माद्रिदला राहायला आल्यापासून सुट्टी मिळाली की सायकल रेल्वेत टाकायची आणि कुठंतरी उतरायचं, अशी सवय लागली आहे. सेगोव्हिया, सालामान्का, तोलेदो ही शहरं सगळ्यांची असतात. पालेन्सियाला फारसं कुणी जात नाही. तिथल्या कॅथेड्रलला लोक 'ला बेया देस्कोनोसिदा' म्हणतात, म्हणजे कुणी न ओळखणारी सुंदरी. १३२१ साली बांधायला घेतलेली ती वास्तू बाहेरून बेताची वाटते. आत गेलं की उंचीनं मान मोडते, आणि जिना उतरून खाली गेलं की सातव्या शतकातलं, व्हिसिगॉथ काळातलं तळघर लागतं. ओल, दगड, आणि एक विहीर. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला या गावात विद्यापीठ होतं, स्पेनमधलं पहिलं. ते टिकलं नाही. शहराबाहेरच्या टेकडीवर विक्तोरिओ माचो या शिल्पकारानं १९३१ मध्ये घडवलेला वीसएक मीटर उंचीचा ख्रिस्त हात उचलून उभा आहे. पुढचे काही दिवस मला दिशा दाखवण्याचं काम त्यानं केलं.

पण मी गेले होते ते तिएर्रा दे काम्पोससाठी. शब्दशः 'शेतांचा मुलूख'. पालेन्सिया, वायादोलिद, सामोरा आणि लेऑन या चार प्रांतांत पसरलेलं, समुद्रसपाटीपासून साडेसातशे-आठशे मीटर उंचीवरचं गव्हा-सातूचं मैदान. आणि त्यातून जाणारा कास्तियाचा कालवा.

या कालव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. अठराव्या शतकात कास्तियात गहू अमाप पिकायचा आणि तिथंच अडकून पडायचा. उत्तरेला डोंगर, रस्ते धड नाहीत, बैलगाड्यांनी बंदरापर्यंत नेईस्तोवर भाड्यातच सगळा नफा संपायचा. सहाव्या फेर्नान्दो राजाचा मंत्री मार्केस दे ला एन्सेनादा यानं ठरवलं की मैदानातून पाण्याचा रस्ता काढायचा आणि गहू पडावांतून, म्हणजे मालवाहू होड्यांतून, समुद्राकडे न्यायचा. १७५३ च्या जुलैमध्ये कालाओर्रा दे रिबासजवळ पहिली कुदळ पडली. पुढच्याच वर्षी एन्सेनादाची सत्ता गेली आणि पश्चिमेकडची खोदाई पारेदेस दे नावाजवळ थांबली ती कित्येक दशकं. मग पैसे संपले, फ्रेंचांशी युद्ध झालं, कंत्राटदार आले, कैदी कामाला जुंपले गेले. १८४९ साली काम थांबलं तेव्हा शहाण्णव वर्षं झाली होती. २०७ किलोमीटर लांबी, उलट्या 'वाय' अक्षराचा आकार, तीन फाटे, आणि पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्यासाठी ४९ एस्क्लुसा.

एस्क्लुसा म्हणजे पाण्याची पायरी. दोन दरवाज्यांमध्ये दगडी हौद. पडाव आत घ्यायचा, मागचं दार लावायचं, हळूहळू पाणी सोडायचं, आणि पडाव खालच्या पातळीला आला की पुढचं दार उघडायचं. उत्तर फाट्यावरचे हौद लंबगोल आहेत, नंतरच्या काळातले सरळसोट चौकोनी. फ्रोमिस्ताला अशा चार पायऱ्या एकापाठोपाठ एक आहेत आणि पाणी तिथं चौदा मीटरहून जास्त खाली उतरतं. संध्याकाळी मी त्या दगडांवर पाय सोडून बसले होते. दारं आता नाहीत, पाणी धबधब्यासारखं कोसळतं. दगडांच्या कडांवर दोर घासून पडलेले खोल चरे शोधायला लागले आणि ते सापडले. आमच्या गावच्या जुन्या विहिरीच्या काठावर असेच होते.

ते दोर खेचरांचे. पडाव ओढायला खेचरं असत, आणि कालव्याच्या दोन्ही काठांनी त्यांच्यासाठी वाट ठेवलेली असे. आज सायकल चालते ती याच वाटेनं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मोठ्या रस्त्याला एखाद्या इंजिनाचा वेग असतो आणि सायकल तिथं आगंतुक ठरते. खेचरांच्या वाटेवर चढ नाही, कारण ओझं ओढणाऱ्या जनावराला तो परवडत नाही. वळणं अरुंद नाहीत, कारण दोर लांब असायचा. आणि सावली आहे, कारण काठावर पॉप्लर लावलेत. जनावराच्या दमाचा विचार करून आखलेली वाट माणसाच्या दमालाही बरोबर बसते.

इतकं सगळं झाल्यावर कालव्याचे भरभराटीचे दिवस किती, तर फार तर दोन दशकं. काठावर पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, कास्तियाचं पीठ सान्तान्देर बंदरातून क्यूबापर्यंत गेलं. मग १८६० च्या दशकात त्याच मैदानातून रेल्वे आली. समुद्रापर्यंत कालवा कधी पोचलाच नाही, आलार देल रेयला डोंगरापाशी थबकला. तरी पडाव चालत राहिले, १९५९ पर्यंत. मी पालेन्सियाहून आलारला रेल्वेनं गेले, सायकल डब्यात उभी करून. खिडकीतून कालवा मध्येच रुळांजवळ यायचा आणि पुन्हा पॉप्लरच्या रांगेमागे जायचा. तासाभरात आलारला उतरले. तेच अंतर परत यायला मला दोन दिवस लागले.

वाट मातीची आहे, काही ठिकाणी खडीची. चाळीस मिलिमीटरपेक्षा बारीक टायर घालून जाऊ नये. पावसानंतर तर जाऊच नये. ही माती चिकण आहे. ओली झाली की चाक आणि चौकट यांच्यामध्ये गच्च भरते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. काळ्या रानातून चप्पल हातात घेऊन चाललेल्या माणसाला याचं वर्णन करायला नको.

दोन दिवस कालव्यानं सांभाळून आणलं. तिसऱ्या दिवशी त्याला सोडून मी उघड्यावर आले आणि मैदान म्हणजे काय ते कळलं. सपाट मुलखात सायकल चालवायला सोपी असा माझा समज होता. डोंगरात चढ संपतो, माथा येतो, उतार मिळतो. इथं पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि त्याला माथाच नसतो. सकाळी अकराला तो सुरू झाला, दुपारी तीनपर्यंत माझा वेग ताशी नऊ किलोमीटरवर आला. समोर एका चर्चचा मनोरा दिसत होता. तासाभरानंतरही तो तेवढाच होता. गव्हाची कापणी जूनच्या अखेरीपासूनच उरकते, त्यामुळे सप्टेंबरात दोन्ही बाजूंना नुसती धसकटं, मध्येच माना टाकलेली सूर्यफुलं, मध्येच लसूणघासाचा हिरवागार तुकडा. एक झाड नाही. 'नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक' असं कास्तियातले लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात. मी त्या दोन्हींच्या मधल्या फटीत गेले होते, तरी ओठ फुटले.

वाऱ्यात मान खाली घालून चाललं की मग जवळचं दिसायला लागतं. मला पहिल्यांदा दिसल्या त्या ढाबळी. रानात एकट्या उभ्या, कच्च्या विटांच्या, कुणी गोल, कुणी चौकोनी, कौलांचं छप्पर उतरंडीसारखं. एकीची भिंत ढासळली होती म्हणून आत डोकावता आलं. जमिनीपासून छपरापर्यंत भिंतीत कोनाडेच कोनाडे, एकेका कबुतराच्या जोडीसाठी. पिल्लं खायला आणि विष्ठा खताला. झाड नाही, दगड नाही अशा मुलखात माणसानं पायाखालच्या मातीत पेंढा कालवला, उन्हात विटा वाळवल्या, आणि घर, कोठार, कुंपणाची भिंत, पाखरांचा वाडा, सगळं त्यातूनच उभं केलं. मी अशा भिंतीवर तळवा टेकवला. उन्हात दिवसभर तापलेली माती संध्याकाळी जो ऊबदार वास सोडते, तो आजोळच्या माळवदाच्या घराचा होता.

या भिंतींना दरवर्षी लिंपावं लागतं. लिंपणारं कुणी नसेल तर पाचपंधरा पावसाळ्यांत भिंत पुन्हा शेत होते. अशी अर्धवट शेत झालेली घरं मी प्रत्येक गावात पाहिली.

पालेन्सिया प्रांतात एका चौरस किलोमीटरला जेमतेम वीस माणसं राहतात, आणि त्यातली निम्मी एकट्या शहरात. १९५० नंतर ट्रॅक्टर आले, हातांना काम उरलं नाही, तरुण बिल्बाओला, माद्रिदला, बार्सेलोनाला गेले. मनोरा आहे, पण शाळा बंद. गावात शिरले की पहिली दहा मिनिटं माझ्याच चाकांचा आवाज ऐकू यायचा. मग एखाद्या कोपऱ्यावर बार. तिएर्रा दे काम्पोसमधला बार म्हणजे दारूचं दुकान असं समजू नये. तिथं पाव मिळतो, पत्रं ठेवलेली असतात, डॉक्टर कुठल्या दिवशी येणार ते कळतं, एकटी राहणारी म्हातारी माणसं दिवसातून एकदा एकमेकांना दिसतात. बार बंद पडला की गाव मोजणीतून गेलं असं तिथले लोक मानतात, आणि मला ते पटलं.

एका बारमध्ये दुपारी मसुराची उसळ मिळाली. तिथली ती बारीक तपकिरी पार्दिना मसूर, या मुलखाचीच. चालवणाऱ्या बाईंनी ताट ठेवता ठेवता विचारलं, हे तुमच्याकडे खातात का? मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि मग अर्धा तास फोडणी समजून घेतली. भिंतीवर एक जुनं पत्रक चिकटवलेलं होतं, ३१ मार्च २०१९ चं, माद्रिदच्या मोर्चाचं. त्या दिवशी रिकाम्या होत चाललेल्या प्रांतांतून हजारो माणसं राजधानीत गेली होती. पत्रकावरच्या एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं: व्हासिआदा. "व्हासिआ म्हणजे रिकामा. ते आम्हाला तसं म्हणायचे. आम्ही म्हटलं, व्हासिआदा म्हणा. रिकामा केलेला." मग उठून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

त्या एका प्रत्ययानं मला उरलेला दिवसभर पिच्छा पुरवला. आमच्याकडे सरकारी कागदावर माळाला 'पडीक' लिहितात. गवताळ रान म्हणजे वाया गेलेली जमीन. मग तिथं झाडं लावा, कालवा काढा, कारखाना बसवा, काहीही करा, कारण तिथं काही नाही. ज्याला 'काही नाही' म्हटलं जातं ते आधी असतं, आणि म्हटल्यामुळे जातं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. मी आठ वर्षांची असताना अण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथं नेलं होतं. अण्णा प्राथमिक शिक्षक. पक्ष्यांचं पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं, दुर्बीणही नव्हती. आम्ही बांधावर तीन तास बसलो. मग गवतातून एक मान वर आली, पांढरी, वर काळी टोपी, आणि तिच्यामागे दुसरी. अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "दोन," ते कुजबुजले. "दोन आहेत." आज देशभरात मिळून माळढोक दीडशेही उरले नाहीत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. मादी वर्षाला एकच अंडं घालते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पाखराला आपण जागाच ठेवली नाही.

चौथ्या दिवशी पारेदेस दे नावा सोडलं. पेद्रो बेर्रुगेते हा चित्रकार आणि त्याचा शिल्पकार मुलगा आलोन्सो, दोघंही इथले. चर्च उघडायला अवकाश होता, मी थांबले नाही, आणि त्याची रुखरुख आहे. पुढं फुएन्तेस दे नावाजवळ एक सरोवर आहे. पूर्वी ते इतकं मोठं होतं की त्याला 'काम्पोसचा समुद्र' म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते पूर्ण उपसून शेतं केली. १९९० पासून त्याचा थोडा भाग पुन्हा भरायला सुरुवात झाली, आणि पाणी दिलं ते याच कालव्यानं. हिवाळ्यात उत्तर युरोपातून राखी हंस तिथं येतात. मी गेले तेव्हा तळ कोरडा होता, भेगाळलेला, काठावर लव्हाळ्याची सळसळ. पण बांधावर एक फळा होता आणि त्यावर कोण कधी दिसतं त्याची यादी होती. शेवटचं नाव: अवुतार्दा.

अवुतार्दा म्हणजे माळढोकाचा युरोपातला भाऊबंद. जगातल्या अवुतार्दांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या स्पेनमध्ये आहेत. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या पाखरांत याच्याइतकी जड फारच थोडी. १९८० पासून त्याची शिकार बंद आहे. तो जगला त्याचं दुसरं कारण मी चार दिवस दोन्ही बाजूंना बघत आले होते: पावसावरचं पीक, मध्ये पड टाकलेलं रान, मध्ये लसूणघास, आणि पुन्हा धसकटं. माणसाच्या शेतीवरच तो राहतो. तिथं आता ओलिताचे आणि सौर पट्ट्यांचे प्रकल्प येऊ घातलेत, आणि ज्या बाईंनी मला मसूर वाढली त्यांच्या गावाला त्यातून कदाचित चार पैसे मिळतील. यात मी कुणाच्या बाजूनं बोलू ते मला ठरवता आलेलं नाही. बार चालू राहावा असंही वाटतं आणि पाखरू राहावं असंही.

वारा त्या दिवशी पडला होता. कास्त्रोमोचोच्या अलीकडे मी पाणी प्यायला थांबले, सायकल कालव्याच्या कठड्याला टेकवली आणि उत्तरेकडे पाहिलं. धसकटांत दगड होते. मग आठवलं की या मुलखात दगड नाहीत.

मी खाली बसले. वाट सोडायची नाही एवढं कळत होतं. अर्ध्या किलोमीटरवरूनही ती उठतात. तांबूस पाठी, राखी माना, चालण्यात तीच घाई नसलेली ऐट. एक मान वर, बाकीच्या खाली, मग दुसरी वर. माझ्याजवळ छोटी दुर्बीण होती, हात स्थिर राहत नव्हते. दहा, अकरा. मधली दोन पुन्हा मोजली. उजवीकडे उंचवट्यामागून आणखी निघाली. लांब कुठंतरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्यातली काही धावत सुटली, पंख उघडले, आणि इतका पांढरा रंग त्या तपकिरी अंगात कुठं दडला होता असं झालं. जड, सावकाश, खोल झोके घेत ती उडाली आणि दोन शेतं पलीकडे उतरली. बाकीची चरत राहिली.

स्पेनमध्ये संध्याकाळचे सहा, म्हणजे सोलापूरला साडेनऊ. अण्णा नऊला झोपतात. तरी फोन लावला. त्यांना आता ऐकायला कमी येतं, म्हणून त्या मोकळ्या रानात मला कुजबुजताही येईना आणि ओरडताही येईना. दोनदा सांगावं लागलं.

"माळढोक?" त्यांनी विचारलं. "तिकडं?"

"त्यांच्यातलेच. मोठे. अण्णा, सत्तावीस आहेत."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला.

"परत मोज," ते म्हणाले.